रस्ता आणि पाण्याची लाइन एकाच नकाशावर: आमच्या गावाने घेतलेल्या नियोजन सेवेचे परीक्षण

कोकण किनाऱ्यावरील आमच्या लहानशा गावाने दोन वर्षांपूर्वी एका खाजगी सल्लागार संस्थेकडून रस्ते आणि नळपाणी यांच्या सुधारणेचा एकत्रित आराखडा करून घेतला. सर्वेक्षण, नकाशे, पाण्याच्या दाबाचे गणित, रस्त्यांचे आडवे छेद (रस्ता आडवा कापल्यावर कडेला आणि पोटात काय काय असेल ते दाखवणारी चित्रे), अंदाजपत्रक आणि कामांचा क्रम एवढे सगळे त्या सेवेत अंतर्भूत होते. मी समुद्राकडच्या वाडीत घरगुती खानावळ आणि पर्यटकांसाठी चार खोल्या चालवते. वाडीच्या वतीने नागरिकांच्या पाठपुरावा समितीत असल्यामुळे पहिल्या मोजणीपासून अंतिम सादरीकरणापर्यंतचे काम मला जवळून पाहता आले. संस्थेचे आणि गावाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. अशी सेवा घेण्याच्या विचारात असलेल्या किनाऱ्यावरील इतर गावांना तिच्यात काय पाहावे आणि काय मागून घ्यावे हे कळावे, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आमच्याकडची मूळ अडचण लहान गावांत राहणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल. रस्त्याचा निधी एका लेखाशीर्षाखाली येतो आणि पाण्याचा दुसऱ्या, त्यामुळे दोन फाइली, दोन निविदा आणि दोन ठेकेदार होतात, आणि या दोघांची गाठ पडते ती नुकत्याच डांबर टाकलेल्या रस्त्यावर चर खणला जातो तेव्हाच. बाजारपेठेतला रस्ता मी लग्न होऊन या गावात आल्यापासून किती वेळा झाला आणि किती वेळा उकरला गेला, हे मला आता आठवतही नाही. प्रत्येक वेळी जुन्या थरावर नवा थर चढत गेला. रस्ता एवढा उंच झाला की, पूर्वी ज्या घरांच्या ओट्यावर चढायला दोन पायऱ्या लागत, त्या घरांत आता पावसाचे पाणी उंबऱ्यावरून आत येते. म्हणून या सेवेबद्दल माझे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे मत असे आहे की, तिने रस्ता आणि पाण्याची लाइन एकाच कागदावर आणली आणि तेवढ्यासाठीच तिचे शुल्क सार्थकी लागले. पाण्याची लाइन रस्त्याच्या पोटात असते, तिच्यावरचे छप्पर म्हणजे रस्ता, आणि छप्पर आधी घालून भिंती नंतर बांधायच्या नसतात, ही साधी गोष्ट कागदावर उतरायला आमच्याकडे इतकी वर्षे गेली.

सर्वेक्षणाचा भाग मला सर्वांत अधिक आवडला. आरंभी ड्रोन उडवून आणि टोटल स्टेशन हे अंतर आणि कोन मोजणारे यंत्र लावून घरे, गडगे (दगडी कुंपणे), विहिरी, विजेचे खांब, मोऱ्या आणि पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) यांची मोजणी झाली. तसे काम आजकाल बहुतेक संस्था करतात. या संस्थेचे वेगळेपण जमिनीखालच्या शोधात दिसले. नगरपंचायतीच्या दप्तरात जुन्या लाइनचा जो एकमेव नकाशा होता, तो हाताने काढलेला आणि घड्यांवर फाटलेला होता, आणि त्यात दाखवलेल्या निम्म्या झडपा जागेवर सापडत नव्हत्या. तेव्हा त्यांच्या तरुण अभियंत्याने निवृत्त झालेल्या जुन्या व्हॉल्व्हमन काकांना घरून बोलावून आणले आणि तीन दिवस त्यांच्याबरोबर गाव पायी पालथे घातले.

त्यातल्या एका सकाळी मी बरोबर होते. बाजारपेठेच्या तिठ्यावर काका थांबले, समोरच्या किराणा दुकानाच्या खांबाकडे आणि पलीकडच्या पिंपळाच्या पाराकडे एकेकदा पाहिले, दोन पावले मागे सरकले आणि पायातल्या चपलेने डांबरावर फुली काढून म्हणाले, "हयसर खणा." तिथे वरून काहीही दिसत नव्हते. खोदल्यावर डांबराचे तीन थर, त्याखाली खडी, त्याखाली मुरूम आणि मग फूटभर खोलीवर बिडाचे झाकण लागले. झाकणाखालची झडप अर्धवट बंद अवस्थेत गंजून बसलेली होती. तिच्या पुढच्या वाडीला पाणी कमी का येते, यावर आमच्या सभांमधून कित्येक वर्षे वाद झाले होते. अभियंत्याने त्या जागेचे अक्षांश-रेखांश यंत्रात नोंदवले, खोली लिहून घेतली, आणि काकांचा त्या खड्ड्याशेजारी उभा असलेला फोटोही काढला. अंतिम अहवालात प्रत्येक सापडलेल्या झडपेचे असे एक पान आहे. काकांनंतर ही माहिती कोणाकडेच राहिली नसती, ही जाणीव त्या पानांवर नजर टाकताना मला पुन्हा पुन्हा होते.

याशिवाय गावात ठिकठिकाणी चाचणी खड्डे घेण्यात आले. काही ठिकाणी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे जुने पाइप निघाले, काही ठिकाणी बिडाचे, आणि मधल्या काळात दुरुस्तीच्या निमित्ताने बसवलेले पीव्हीसीचे तुकडे तर कुठल्याही नोंदीत नसलेल्या जागी निघाले. आमच्या वाडीच्या तोंडावर 80 मिलिमीटर व्यासाच्या बिडाच्या पाइपचा एक तुकडा कापून बाहेर काढला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला तांबूस गंजाचे टणक फोड एवढे दाटलेले होते की माझी तीन बोटे त्यातून जेमतेम आत गेली. पाइपची पाणी वाहून नेण्याची क्षमता व्यासाबरोबर सरळ प्रमाणात कमी होत नाही. त्याच उतारावर व्यास निम्मा झाला की पाणी जवळजवळ सहाव्या हिश्शावर येते. आमचा पाइप 80 चा सुमारे 50 झालेला होता, म्हणजे मूळच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी पाणी त्यातून जात होते. "काकू, टाकीत कितीही पाणी भरा, इथून पुढं ते जाणारच नाही," असे तो अभियंता म्हणाला, आणि तो तुकडा त्याने पुढच्या सभेत सर्वांसमोर टेबलावर ठेवला. नवी उंच टाकी हवी की नवी वितरण लाइन हवी, हा वाद त्या तुकड्याने संपवला. ॲस्बेस्टॉसचे पाइप मात्र उकरून काढू नयेत, ते कोरडे कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे ते आहेत तिथेच बंद करून सोडून द्यावेत, अशी स्पष्ट सूचना अहवालात आहे. ती निविदेच्या अटींतही उतरायला हवी.

दाबाची मोजणी पहाटे झाली. आमच्याकडे पाणी दिवसाआड आणि तेही पहाटे सुटते, त्यामुळे दाबमापक घेऊन त्यांची माणसे साडेपाचला दारोदार फिरत होती. किनाऱ्यालगतचा सखल भाग आणि वरचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचे कातळी पठार, यांच्या पातळीत आमच्या गावात बराच फरक आहे. टाकीशेजारच्या सखल आळीत काटा भरपूर दाब दाखवत होता, तर सड्यावरच्या शेवटच्या घरात तो जेमतेम हलत होता. केंद्र सरकारच्या 1999 च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत एकमजली घरासाठी किमान 7 मीटर आणि दुमजली घरासाठी 12 मीटर शिल्लक दाब, म्हणजे पाणी तेवढे उंच चढू शकेल एवढा जोर, धरावा असे सांगितलेले होते. सड्यावरच्या बायका नळाला पाणी येते तेव्हा खड्डा करून त्यात उतरतात आणि जमिनीच्या पातळीखाली तोटी बसवून हंडे भरतात, यामागचे कारण मला या आकड्यांवरून पहिल्यांदा नीट समजले. एकाच टाकीतून सखल भाग आणि सडा असे दोन्हीकडे पाणी सोडले तर ते आधी खाली जाणार, हे उघड आहे. म्हणून आराखड्यात गावाचे दोन दाबविभाग केले आहेत, सड्यासाठी वेगळी टाकी आणि वेगळी लाइन ठेवली आहे, आणि दोन्ही विभागांच्या तोंडाशी मोजमापासाठी मीटर दाखवले आहेत. हे सगळे गणित त्यांनी एपानेट या मोफत उपलब्ध असलेल्या संगणक प्रणालीवर केले आणि त्याची मूळ फाइल नगरपंचायतीच्या स्वाधीन केली. फाइल हातात असल्यामुळे पुढे एखादी नवी वसाहत उभी राहिली तर तिला पाणी पुरेल की नाही, हे पुन्हा नव्याने शुल्क न भरता तपासता येईल. इतर गावांनी करारात ही अट आवर्जून घालावी.

गळती शोधण्यासाठी एका रात्री खास पाणी सुरू ठेवून दोन ते चार या वेळेत टाकीची पातळी मोजली गेली. त्या वेळी कोणी पाणी भरत नसते, म्हणून जे उतरते ते बहुतांशी जमिनीत जाते. निकाल ऐकून सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही.

आता पाण्याच्या उगमाविषयी. येथे संस्थेने जेवढी खोली दाखवायला हवी होती तेवढी सुरुवातीला दाखवली नाही. आमच्या नळाला येणारे पाणी किनाऱ्यापासून फार लांब नसलेल्या विहिरींचे आहे. पहिल्या मसुद्यात त्याच विहिरींवर अधिक क्षमतेचे पंप बसवण्याची शिफारस होती. किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोडे पाणी हे जड असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर तिच्याखाली साधारण चाळीस मीटर गोड्या पाण्याचा साठा उभा राहतो, असा हिशोब भूजलशास्त्रात प्रसिद्ध आहे. हाच हिशोब उलटा केला की, उपशामुळे वरची पातळी थोडी खाली गेली तरी खालचे खारे पाणी किती वेगाने वर चढेल ते लक्षात येते. चारही बाजूंनी समुद्र असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव यांना गोडे पाणी मिळते ते याच नियमाने, आणि त्या विहिरींवर कोणी मोठे पंप लावलेले नाहीत. माझ्या स्वतःच्या परड्यातली विहीर एप्रिलच्या शेवटी मचूळ होते, आणि त्या पाण्याने शिजवलेली डाळ वेळेवर मऊ होत नाही, हे मी सभेत सांगितले. समितीतल्या इतरांनीही आपापल्या विहिरींची माहिती दिली. त्यानंतर संस्थेने मे महिन्यात नमुने घेऊन क्षार आणि क्लोराइड तपासले. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक 10500 प्रमाणे विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास परवानगीची कमाल मर्यादा 2000 मिलिग्रॅम आहे. आमच्या दोन विहिरी स्वीकार्य मर्यादेच्या बऱ्याच पुढे निघाल्या. सुधारित आराखड्यात त्या विहिरींचा उन्हाळी उपसा कमी करून आतल्या बाजूच्या, डोंगराच्या पायथ्याच्या तलावावरून पाणी आणण्याची तरतूद आली.

हे काही नवीन शहाणपण नाही. मालवणला पाणी देणारा धामापूरचा तलाव सन 1530 च्या सुमारास बांधलेला आहे आणि 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन रचना म्हणून मान्यता मिळाली. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण सच्छिद्र जांभा दगड ते पाणी जेवढ्या लवकर पिऊन घेतो तेवढ्याच लवकर सोडूनही देतो, त्यामुळे जूनमध्ये काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. आपल्या पूर्वजांनी समुद्राकडे पाठ करून डोंगराच्या कुशीत पाणी अडवले त्यामागे हेच कारण होते. किनाऱ्यावरील गावासाठी काम करणाऱ्या संस्थेला ही गोष्ट खानावळ चालवणाऱ्या बाईने सांगावी लागू नये, असे मला मनापासून वाटते. तरीही, सांगितल्यावर त्यांनी ती मनावर घेतली आणि आपला मसुदा बदलला, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

रस्त्यांच्या आडव्या छेदांवर त्यांनी मेहनत घेतलेली दिसते. आमच्या गल्ल्या बारा फुटांच्या, काही तर दहाच्या, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि त्यांच्यावरून वाकलेले माड. पाण्याची लाइन गटारापासून आडव्या अंतराने तीन मीटर लांब ठेवावी असा नियम आहे, पण बारा फुटांच्या, म्हणजे साडेतीन मीटरहून थोड्याच रुंद गल्लीत तो पाळायचा कसा, हा खरा प्रश्न आहे. त्यांनी गटार एका कडेला आणि लाइन दुसऱ्या कडेला घेतली, गटार पाणी झिरपणार नाही असे काँक्रीटचे ठेवले, आणि लाइनसाठी उष्णतेने जोडले जाणारे एचडीपीई या प्लास्टिकचे पाइप निवडले, कारण त्यात रबरी सांधे नसतात आणि खाऱ्या जमिनीत ते गंजतही नाहीत. समुद्राकडच्या रस्त्यावर उधाणाच्या भरतीला झडपांच्या चेंबरमध्ये पाणी शिरते, म्हणून तिथले नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे दाखवले आहेत. ही बाब लहान दिसते, पण साध्या लोखंडाचे बोल्ट आमच्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत फुगून एकजीव होतात, आणि मग झडप उघडण्यासाठी ती फोडावीच लागते.

गल्लीच्या पृष्ठभागाबद्दलचा निर्णय तर मला फारच पटला. सगळी गल्ली सलग काँक्रीटची केली तर ती पावसात टिकते, पण एका नळजोडणीसाठी ती फोडली की पुन्हा कधीच सांधली जात नाही. म्हणून पाइपच्या वरचा सुमारे तीन फुटांचा पट्टा पेव्हर ब्लॉकचा आणि उरलेला भाग काँक्रीटचा, असा छेद त्यांनी दिला आहे. ब्लॉक उचलायचे, दुरुस्ती करायची आणि पुन्हा बसवायचे. त्याशिवाय दर काही घरांमागे रस्त्याखालून रिकामे आडवे पाइप घालून ठेवायचे, म्हणजे समोरच्या बाजूच्या घराला नवी जोडणी देताना काँक्रीटला हात लावावा लागणार नाही. नव्या रस्त्याची पातळी ठरवताना जुने डांबराचे थर खरवडून काढणे बंधनकारक केले आहे आणि प्रत्येक घराच्या जोत्याची उंची नकाशावर लिहिलेली आहे. ज्या घरांच्या उंबऱ्यावरून पाणी आत येते असे मी वर म्हटले, त्या प्रत्येक घराच्या नावापुढे रस्ता किती इंच खाली घ्यायचा तो आकडा आहे. मालकांनी तो आकडा स्वतः वाचला आणि सह्या केल्या.

ब्लॉकचा पट्टा टिकणार की नाही, हे त्याखालच्या चराच्या भरणीवर अवलंबून आहे. पाइपखाली आणि भोवती रेती, त्यावर वीतभर जाडीचे थर टाकून प्रत्येक थर पाणी मारून ठोकायचा, हे सगळे अहवालात आहे. तरीही चर बसतोच. त्यासाठी त्यांनी कामाचा क्रम दोन हंगामांत विभागला: पहिल्या वर्षी दिवाळीनंतर लाइन टाकायची, कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने ती तपासायची, वर तात्पुरते खडीकरण करायचे, चर एक पावसाळा बसू द्यायचा आणि दुसऱ्या वर्षी काँक्रीट व ब्लॉक करायचे. या क्रमाला गावातून विरोध झाला, कारण एक अख्खा पावसाळा चिखलातून जावे लागणार होते. मी स्वतः त्या क्रमाच्या बाजूने बोलले आणि आजही माझे मत तेच आहे. एका पावसाळ्याचा चिखल सोसून पुढची पंचवीस वर्षे रस्ता शाबूत राहणार असेल तर तो सोसावा. क्रम आखताना त्यांनी शिमग्यातल्या पालखीचा मार्ग, गणपतीत चाकरमानी येतात ते दिवस आणि मे महिन्याचा पर्यटन हंगाम विचारून घेतला. पालखी ज्या पाखाडीवरून उतरते तिथे फाल्गुनात खोदाई करायची नाही, अशी नोंद तक्त्यात स्वतंत्रपणे केलेली आहे.

विजेच्या बाबतीतही त्यांनी गावाचा अनुभव ऐकून घेतला. 2020 च्या जूनमधले निसर्ग आणि 2021 च्या मे महिन्यातले तौक्ते या दोन्ही वादळांनी किनाऱ्यावरच्या गावांची वीज दिवसचे दिवस घालवली आणि पंप बंद पडल्यावर टाक्या भरणे अशक्य झाले. आराखड्यात जनित्राची जागा पुराच्या पातळीच्या वर घेतली आहे, आणि टाकीत एक दिवसाहून अधिक साठा राहील असे पाहिले आहे.

इथवर मी बरेच चांगले लिहिले, आणि ते सगळे खरे आहे. माझी मुख्य तक्रार आहे ती शेवटच्या दहा फुटांबद्दल. मुख्य लाइनपासून घराच्या नळापर्यंतची जोडणी या आराखड्यात घरमालकाची जबाबदारी म्हणून सोडून दिली आहे, आणि अंदाजपत्रकात तिच्यासाठी एक पैसाही नाही. आमच्या गावातल्या जुन्या जोडण्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपच्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गटाराच्या आतून जातात. पाणी चोवीस तास असते तर पाइपमध्ये सतत दाब राहिला असता. पण दिवसाआड पाणी सुटते तिथे पाणी बंद झाल्यावर पाइप रिकामा होतो, आत पोकळी तयार होते, आणि गंजून भोक पडलेल्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत गढूळ, वास येणारे पाणी नळाला येते ते याच वाटेने, आणि पावसाळ्यातल्या जुलाब-काविळीचा एक मोठा भागही याच वाटेने घरात येतो. टाकीवर कितीही क्लोरीन घातले आणि शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन राहावे असा नियम कितीही काटेकोरपणे पाळायचा ठरवला, तरी गटारातून जाणारा एक कुजका पाइप तो नियम निरर्थक करून टाकतो. नवी लाइन, नवी टाकी, नवा रस्ता, आणि त्याला जुनीच गंजलेली जोडणी. ज्या घरात कमावते माणूस नाही, तिथे नवी जोडणी स्वखर्चाने करून घेतली जाणार नाही, हे कोणालाही समजण्यासारखे आहे. प्रत्येक जोडणी मुख्य लाइनवरच्या सॅडलपासून (लाइनला जोडणी घेण्यासाठी बसवलेल्या पट्ट्यापासून) घराच्या हद्दीपर्यंत, गटाराला वरून किंवा बाहेरच्या संरक्षक पाइपमधून ओलांडून, मुख्य कामाच्या अंदाजपत्रकातच धरायला हवी होती. आम्ही हे लेखी मागितले. उत्तर आले की ही बाब सेवेच्या कक्षेबाहेर आहे. कक्षा ठरवताना हा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता, हेही मी मान्य करते, आणि म्हणूनच इतर गावांना सांगते की करारावर सही करण्यापूर्वी घरजोडण्या कक्षेत आहेत की नाहीत, हे पहिल्यांदा वाचा.

दुसरी तक्रार भाषेची आहे. मसुदा अहवाल आणि सगळे नकाशे इंग्रजीत होते. देवळाच्या सभामंडपात झालेल्या पहिल्या सादरीकरणाला दोनशेच्या आसपास माणसे आली, पण भिंतीवरच्या नकाशात आपले घर कुठले हे फार थोड्यांना कळले. समितीने आग्रह धरल्यावर वाडीनिहाय मराठी नकाशे तयार झाले, त्यांवर देऊळ, पार, मासळी बाजार, शाळा, पऱ्या (ओहोळ) अशा खुणा आल्या, आणि दुसऱ्या सभेत लोक बोटाने दाखवून बोलू लागले. एका आजीने मराठी नकाशा पाहून सांगितले की शाळेमागची मोरी नकाशात दोन फुटांची आहे, पण तिच्यातून येणारे पाणी पुराच्या वर्षी रस्त्यावरून गुडघाभर वाहिले होते. मोरीचे माप वाढले ते त्या सभेमुळे. मराठी नकाशे पहिल्याच फेरीत मिळाले असते तर अशा आणखी किती चुका सापडल्या असत्या, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आराखड्याचे काम ठरलेल्या मुदतीपेक्षा पाच महिने उशिरा पूर्ण झाले. त्यातला काही उशीर आमच्या सुधारणांमुळे झाला. शुल्क प्रत्यक्ष बांधकामाच्या एकूण किमतीच्या टक्केवारीत ठरलेले होते. ही पद्धत सर्रास चालते, पण ती मला अजिबात पसंत नाही, कारण काम जेवढे महाग तेवढे नियोजनाचे मोल जास्त, असा तिचा अर्थ होतो. जुनी झडप शोधून तिची दुरुस्ती सुचवणाऱ्या अभियंत्याला त्यातून काहीच मिळत नाही. सर्वेक्षण, मसुदा, जनसुनावणी आणि अंतिम नकाशे अशा टप्प्यांवर ठराविक रक्कम ठरवणे गावाच्या हिताचे आहे.

एकंदरीत पाचपैकी साडेतीन गुण मी या सेवेला देईन. जमिनीखालचा शोध आणि रस्ता-पाणी यांचा एकत्रित छेद यासाठी पूर्ण गुण आहेत, आणि घरजोडण्या व पहिल्या मसुद्यातला उगमाचा विचार यांसाठी कापलेले आहेत. त्यांच्याच तरुण अभियंत्याने एक गोष्ट करारात नसताना केली, तिचा उल्लेख राहू नये. काम होत असताना प्रत्यक्ष जागेवर जसा पाइप पडेल तसा नकाशा रोज दुरुस्त करत जायचा असतो, नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा कोणा काकांना चपलेने फुली काढावी लागते. त्यासाठी त्याने नगरपंचायतीच्या दोन तरुण कर्मचाऱ्यांना महिनाभर मोबाइलवर झडपा, सांधे आणि जोडण्या नोंदवायला शिकवले.

पहिल्या टप्प्याची खोदाई गेल्या कार्तिकात आमच्याच वाडीपासून सुरू झाली. चर भरण्यापूर्वी त्या दोघांपैकी एकजण टेप लावून गडग्यापासूनचे अंतर मोजतो आणि दुसरा ते मोबाइलवर लिहितो. माझ्या घरासमोरचा सांधा गडग्यापासून चार फूट दोन इंचांवर आहे. जीआयचा जुना पाइप काढून गटारावरून नवी जोडणी मी स्वखर्चाने करून घेतली. शेजारच्या तीन घरांची अजून झालेली नाही, आणि त्यांच्यासाठी निधीची मागणी करणारा अर्ज नगरपंचायतीकडे दिलेला आहे.